‘यूज्ड टू’ला घाबरू नकोस

अगं, ‘यूज्ड टू’वर तू उगाच अडतेस. आपल्या ‘-आयचो, -आयची’ची जागा तेच घेतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आठवतं? ‘वॉटर यूज्ड टू कम बाय ट्रेन.’ तेव्हा यायचं, आता येत नाही. एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं.

घोळ होतो तो आधी ‘ॲम’ लागला की. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’ म्हणजे मला उन्हाची सवय आहे. मराठवाड्यातल्या माणसानं हे वाक्य आधी पाठ करावं! इथं क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतो: ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.’ मी मुलाखतीत ‘गेट अप’ म्हणून बसलो होतो. समोरचे गालात हसले.

आजच्या सवयीला मात्र ‘आय यूज टू गो’ म्हणू नकोस. तिथं ‘आय यूजुअली गो’. प्रश्नात ‘डिड’ आला की लिहिताना ‘यूज्ड’चा डी गळतो. आणि बोलताना ‘यूज्ड’ नाही, ‘यूस्टू’ असं एका दमात म्हण.