बेडक्यात जंतू, पण टीबीचे नाहीत

प्रश्न : आई ६१ वर्षांची, वजन ४१ किलो. तरुणपणी टीबी होऊन बरी झाली होती. वर्षभर पुन्हा खोकला, कधी बेडक्यात रक्त. बेडक्यात जंतू दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सीबीनॅट या जनुकीय तपासणीत मात्र टीबी आला नाही. आता कल्चरमध्ये (बेडक्यातले जंतू वाढवून बघतात त्यात) ‘एनटीएम’ आलंय. घरात तिचं ताट-तांब्या वेगळं केलंय. नातवाला जवळ घेऊ द्यावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : टीबी नाही हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या आणि ताट-तांब्या परत मांडणीवर ठेवा. एनटीएम म्हणजे टीबीच्या जंतूच्याच कुळातले, पण टीबी न करणारे जंतू. ते नळाच्या पाण्यात, मातीत असतात. ते आजीकडून नातवाला लागत नाहीत. जुन्या टीबीने खराब झालेल्या फुप्फुसात मात्र ठाण मांडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात. सीबीनॅट फक्त टीबीचा जंतू ओळखतं. म्हणून बेडक्यात जंतू आहेत आणि सीबीनॅट निगेटिव्ह, असं आलं की तिथेच शंका यायला हवी. पण एका कल्चरवरही विसंबू नका, पाण्यातला जंतू नमुन्यात सहज येतो. वेगवेगळ्या दिवशीच्या किमान दोन बेडक्यांत तोच जंतू हवा, किंवा श्वासनळीत दुर्बीण घालून घेतलेल्या एका नमुन्यात. शिवाय सीटी स्कॅन त्याच्याशी जुळायला हवा.

मग जंतूचं पूर्ण नाव मागा. नुसतं ‘एनटीएम’ म्हणजे आडनाव सांगून माणूस शोधायला पाठवणं. एव्हियम गटाचा असेल तर अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधं. फुप्फुसात पोकळी नसेल तर बहुधा आठवड्यातून तीनदा, असेल तर रोज, आणि सुरुवातीला इंजेक्शनंही. बेडक्याचं कल्चर निगेटिव्ह झाल्यावर पुढे किमान १२ महिने. अॅब्सेसस नावाचा एनटीएम निघाला तर टीबीच्या गोळ्यांचा उपयोगच नाही, उपचार वेगळे आणि कठीण. काहींना औषधाविना नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. आईंच्या बेडक्यात जंतू दिसलेत, वजनही कमी, म्हणून निदान पक्कं झाल्यावर रेंगाळू नका.

चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा. आणि केमिस्टकडून नुसतं अझिथ्रोमायसिन? अजिबात नको, जंतू त्याला दाद देईनासा झाला की हातातलं मुख्य औषधच जातं. इथॅम्ब्युटॉलआधी डोळे तपासा. लाल-हिरवा रंग फिका वाटला तर लगेच कळवा. कफ बाहेर काढायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आजच शिकून घ्या, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.