नगरपंचायतीला हरकत घ्यायची आहे. ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का?

प्रश्न : आमचे गाव राज्य महामार्गावर आहे. रस्त्यालगतची बाजारपेठ आणि तीन-चार किलोमीटरवर विखुरलेल्या पाच वाड्या मिळून एक ग्रामपंचायत आहे. गाव तालुक्याचे मुख्यालय नाही. गावाची नगरपंचायत करण्याबाबतची उद्घोषणा गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. ग्रामसभेने विरोधाचा ठराव एकमताने केला असून, ठराव झाला म्हणजे काम झाले, असे सरपंच म्हणतात. बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचा मात्र नगरपंचायतीला पाठिंबा आहे. मी वाडीवर राहते. चार एकर जमीन आणि थोडी जनावरे यांवर घर चालते. घरपट्टी वाढेल, सातबारा बंद होईल, असे लोक बोलतात. आम्ही कोणत्या मुद्द्यांवर विरोध करावा?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

केवळ ठरावावर विसंबून आपण स्वस्थ बसू नये, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर करण्यासाठी ग्रामसभेची संमती बंधनकारक नाही. कायद्याने नागरिकाला दिलेला अधिकार हरकतीचा आहे. उद्घोषणा प्रसिद्ध झाल्यापासून किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्या मुदतीत कोणालाही कारणांसह लेखी हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करता येते. आलेल्या हरकती शासनाकडे जातात, आणि त्या अपुऱ्या किंवा अग्राह्य आहेत असे शासनाचे मत झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघू शकते. ठरावाची प्रत हरकतीला अवश्य जोडावी, पण हरकत ज्याची त्याने, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या परिस्थितीचा उल्लेख करून द्यावी. त्या मुदतीपैकी एक आठवडा आधीच गेला आहे.

इतका आग्रह धरण्याचे कारण न्यायालयांच्या भूमिकेत आहे. कल्याण महानगरपालिकेच्या हद्दीत उल्हासनगर घ्यावे की वगळावे, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे ठरवले की, हद्द निश्चित करणे हे कायदे करण्याच्या स्वरूपाचे काम आहे आणि त्यात अधिनियमाने सांगितले आहे त्यापलीकडे सुनावणीचा हक्क नागरिकाला मागता येत नाही. राजस्थानातील रूपबास या ग्रामपंचायतीची नगरपालिका झाली, उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, परंतु २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या बाजूने निकाल दिला. याच्या दुसऱ्या बाजूला १९८७ चा हिमाचल प्रदेशातील निकाल आहे. सोलन जिल्ह्यातील ग्रामीण भाग अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे शहरी नियम लागू होणाऱ्या हद्दीत, ओढला गेला, तेव्हा अशा बदलाने रहिवाशांवर कराचा व नियमांचा भार येतो, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते. हे निकाल एकत्र वाचले की आपली वाट स्पष्ट होते. गाव बरे की शहर बरे, हे न्यायालय ठरवणार नाही. निकष पाळले का आणि हरकतींचा खरोखर विचार झाला का, एवढेच ते तपासेल. त्यामुळे जो मुद्दा आज हरकतीत लिहिला जाणार नाही, तो उद्या याचिकेत मांडताना फार अडचण येते.

आता निकषांकडे वळतो, कारण आपली बाजू इथेच सर्वांत भक्कम होऊ शकते. संविधानाच्या अनुच्छेद २४३-थ नुसार नगरपंचायत ही ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमित होत असलेल्या भागासाठी आहे, आणि असा भाग ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, शेतीव्यतिरिक्त रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व यांचा विचार करावा लागतो. राज्याच्या अधिनियमात संक्रमणात्मक क्षेत्रासाठी दहा हजार ते पंचवीस हजार ही लोकसंख्येची मर्यादा आहे. आपले गाव तालुक्याचे मुख्यालय नाही, हे आपण कळवले ते बरे झाले. मुख्यालयाच्या गावांना नगरपंचायत देण्याचे वेगळे धोरण शासनाने २०१४ पासून ठेवले आहे आणि तिथे गाव निकषांत बसत नसल्याचा युक्तिवाद तोकडा पडतो.

लोकसंख्या म्हणजे कोणती, हेही संविधानानेच सांगितले आहे. ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, तीच लोकसंख्या धरायची. पुढील जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती २०११ ची होय. प्रस्तावात मतदार यादी, शिधापत्रिका किंवा ‘अंदाजे वाढ’ धरून दहा हजारांचा आकडा गाठला असेल, तर तो थेट कायद्याचा भंग आहे. म्हणून माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मूळ प्रस्ताव, त्यासोबतचा नकाशा आणि तहसीलदार व गटविकास अधिकारी यांचे अहवाल आजच मागवावेत. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून त्याची वाट न पाहता हरकत मुदतीत द्यावी आणि कागद मिळाल्यावर पुरवणी निवेदन देऊ, असे तिच्यात नमूद करावे.

रोजगाराचे प्रमाण काढण्यासाठी जनगणनेचा गावनिहाय तक्ता पाहावा. त्यात काम करणाऱ्यांचे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चार रकाने असतात. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करून ती एकूण काम करणाऱ्यांशी ताडून पाहावी. बाजारपेठेतील दुकाने डोळ्यांत भरतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला गाव शहरासारखे वाटते, पण वाड्यांवरचे लोक मोजले की चित्र बरेचदा पालटते. त्याला पिकांच्या नोंदी असलेले सातबारा उतारे, दूध संकलन केंद्राचा दाखला आणि वाडी ते बाजारपेठ हे अंतर दाखवणारा नकाशा जोडावा.

याच पुराव्यावर आपण एक पर्यायी मागणीही करावी, असे मला मनापासून वाटते. बाजारपेठेला नगरपंचायत हवी असेल आणि ती निकषांत बसत असेल, तर त्यांचा मार्ग अडवण्याचे कारण आपल्याकडे नाही. परंतु शेतांनी वेढलेल्या वाड्या केवळ आकडा भरून काढण्यासाठी त्यात घेऊ नयेत, त्या वगळून त्यांची स्वतंत्र ग्रामपंचायत करावी किंवा त्या शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडाव्यात, असे स्पष्ट लिहावे. संपूर्ण नकारापेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. वाड्या वगळल्यावर लोकसंख्या दहा हजारांच्या खाली येत असेल, तर मूळ प्रस्तावही त्यातच अडचणीत येतो.

परिणामांचे मुद्दे लिहिताना अफवा कटाक्षाने बाजूला ठेवाव्यात. नगरपंचायत झाली म्हणून सातबारा बंद होत नाही. शेतजमिनीची नोंद महसूल खात्याकडेच राहते. घरकुलाचे पैसे बुडतील, हेही लिहू नये, कारण शहरी आवास योजनेतील अनुदान ग्रामीण योजनेपेक्षा अधिक आहे. अडचण आहे ती कागदांची. गावठाणातील अनेकांकडे नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या) उताऱ्यापलीकडे मालकीचा पुरावा नसतो, आणि शहरी योजनेत जागेच्या मालकीची कागदपत्रे काटेकोरपणे पाहिली जातात. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या नसतील, तर ते काम आधी पूर्ण करावे, अशी मागणी रास्त ठरेल.

जमीन असणाऱ्यांसाठी सर्वांत गंभीर मुद्दा बहुतेक हरकतींत येतच नाही, याचे मला वाईट वाटते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्याला गुणक लावून मोबदला काढतात. ग्रामीण क्षेत्रात हा गुणक एक ते दोन यांदरम्यान असतो, नागरी क्षेत्रात तो एकच असतो. प्रकल्पागणिक राज्याची अधिसूचना पाहावी लागते हे खरे, पण आपल्या गावावरून महामार्ग जातो आणि त्याचे रुंदीकरण कधीही होऊ शकते, म्हणून हा मुद्दा गट क्रमांकासह लिहावा. दुसरे असे की, नगरपंचायत स्वतः नियोजन प्राधिकरण होते आणि १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली विकास योजना करते. त्या योजनेत आपल्या शेतावर रस्ता, क्रीडांगण किंवा कचरा डेपोचे आरक्षण पडले, तर ते सोडवण्यासाठी कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन घ्या किंवा मोकळी करा, अशी नोटीस) सामान्यतः दहा वर्षांनंतर देता येते आणि त्यानंतरही प्राधिकरणाला चोवीस महिने मिळतात. चार एकरांवर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा काळ फार मोठा आहे. असे आरक्षण गायरानावरही पडू शकते. आपली जनावरे तिथे चरत असतील, तर वापर आजही चालू असल्याचे निवेदनात लिहून छायाचित्रे जोडावीत.

घरपट्टीबाबत ‘वाढेल’ एवढे म्हणणे पुरत नाही. नगरपंचायतीत मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर एकत्रित मालमत्ता कर बसतो. जवळच्या एखाद्या नगरपंचायतीतील तशाच घराची पावती मिळवून ती आपल्या पावतीशेजारी जोडावी. ग्रामीण रोजगार हमीच्या कामाचा हक्क ग्रामीण भागापुरता आहे, म्हणून वाड्यांतील किती कुटुंबांकडे जॉबकार्ड आहेत, याची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्यावी. ग्रामसभेविषयी मात्र मोकळेपणाने लिहावे. लाभार्थी निवडताना आणि हिशेब विचारताना प्रत्येक मतदाराला उभे राहून बोलण्याचा जो हक्क गावात आहे, त्याच्या तोडीची सभा नगरपंचायतीत प्रत्यक्षात भरत नाही, आणि वाडीवरच्या बायकांचा आवाज ऐकला जाण्याची ग्रामसभा हीच एकमेव जागा असते.

हरकतीच्या दोन प्रती करून एका प्रतीवर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. अंतिम अधिसूचना निघालीच, तर वेळ न दवडता अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे. प्रभागरचना आणि निवडणूक सुरू झाली की अनुच्छेद २४३-यछ मुळे न्यायालयाला त्या कामात हस्तक्षेप करता येत नाही. तोवर शिक्क्याची प्रत, माहिती अधिकाराचा अर्ज आणि जनगणनेचा तक्ता एका फाइलमध्ये लावून ठेवावा. वकिलाकडे जाताना तीच फाइल घेऊन जावी.