कार्डिॲक आयसीयूत काम करायचं तर बी.एस्सी. नर्सिंगनंतर काय शिकावं? त्यासाठी गोवा सोडावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. नर्सिंग होऊन दोन वर्षं झाली, म्हापशाकडे एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात आहात आणि कार्डिॲक आयसीयूत जायची ओढ आहे. एम.एस्सी., पोस्ट बेसिक डिप्लोमा आणि नर्स प्रॅक्टिशनर या तिघांत अडकलात, वर घरच्यांचा धोशा की गोव्याबाहेर नको. मी डिचोलीची. शिक्षण बांबोळीला झालं, पुढे एक वर्ष दक्षिणेत कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केला. आज बारा वर्षं बायपास आणि व्हॉल्व्हच्या पेशंटांमध्ये आहे.

आधी माझं मत सांगते, मग बाकीचं. कोर्सचं नाव बाजूला ठेवा. तिथे तुम्हाला खाटेपाशी किती तास उभं करणार, कुणाच्या नजरेखाली, आणि तिथे आठवड्याला किती छात्या उघडतात, म्हणजे हृदयाची किती मोठी ऑपरेशनं होतात, एवढं विचारा. एम.एस्सी. झालेल्या पण बलून पंपाला (थकलेल्या हृदयाला आधार द्यायला पायातून महाधमनीत घालतात तो फुगा) कधी हात न लावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि जीएनएम (बी.एस्सी. नव्हे, जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) करून पोस्ट बेसिक डिप्लोमा केलेली एक सिस्टर अशी, की सर्जन घरी निघण्याआधी तिला विचारून निघायचे.

तरी तिघांतला फरक माहीत हवा. पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो. नोंदणीकृत नर्स आणि वर्षभराचा स्टाफ नर्सचा अनुभव एवढं लागतं, जीएनएमवाल्यांनाही तो खुला आहे. कार्डिओथोरॅसिकचा वेगळा आणि क्रिटिकल केअरचा वेगळा. एम.एस्सी. दोन वर्षांची. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि वर्षभर अनुभव लागतो, आणि मेडिकल सर्जिकल नर्सिंगमध्ये कार्डिओव्हॅस्क्युलर अँड थोरॅसिक ही शाखा घेता येते. पण त्या दोन वर्षांत शिकवण्याचा सराव, व्यवस्थापन, संशोधन, प्रबंध हेही सगळं असतं. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही, डिप्लोमा तिथे चालत नाही. तिसरा एनपीसीसी, म्हणजे क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर. हाही दोन वर्षांचा आणि पदव्युत्तरच, पण निवासी पद्धतीचा: बहुतेक तास आयसीयूत, जोडीला प्रगत शरीरविकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि तपासणी. अभ्यासक्रम म्हणून तिघांत मला हाच सर्वांत आवडतो. अडचण बाहेर पडल्यावर येते. रुग्णालयाने लेखी प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डर (नर्सने स्वतःहून काय करायचं याचे आधीच दिलेले आदेश) केल्या असतील तरच त्या शिक्षणाला वाव मिळतो, आणि तसं पद मी काम केलेल्या ठिकाणी तरी अजून निघालेलं नाही. मुलगी दोन वर्षं घासून येते आणि परत स्टाफ नर्सच्याच रोस्टरवर लागते. (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा २०२३ साली झाला आहे. त्यातून पुढे पदं निघाली तर चांगलंच, पण त्या भरवशावर आज दोन वर्षं टाकू नका.)

तुमचा कल मला खाटेपाशी राहण्याचा दिसतो, म्हणून कार्डिओथोरॅसिकचा डिप्लोमा करा असं मी म्हणेन. पुढेमागे एम.एस्सी. करायला कुणी अडवत नाही.

आता बाहेर जाण्याबद्दल. घरच्यांना माझ्याकडून सांगा, एक वर्ष जाऊ द्या. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, हृदयाचं काम मोठं आहे. आपले आहेतच, शिवाय सावंतवाडी, बांदा, दोडामार्गचे पेशंटही तिथेच येतात, आणि नोकरी म्हणून मी ती कुणालाही सुचवेन. पण शिकायचं तेव्हा जिथे शिकवण्याचीच परंपरा आहे तिथे जावं. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. एम.एस्सी.च करायची झाली तर दिल्लीच्या एम्समध्ये कार्डिऑलॉजी आणि सीटीव्हीएस (हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया) नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे, प्रवेश परीक्षेतून. श्री चित्राची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पेशंटांच्या छातीत टिकटिक करणारा चित्रा व्हॉल्व्ह त्याच संस्थेत घडला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. पेडण्याची एक आजी मला म्हणायची, रात्री सगळं निजलं की माझं घड्याळ मलाच ऐकू येतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चुकवायचं नाही हे तिला त्या घड्याळाच्या नावानेच समजावलं होतं.

बाहेर जाऊन नेमकं काय शिकतो, ते एका रात्रीवरून सांगते. डिप्लोमाचा तिसरा महिना. माझ्यावर लक्ष ठेवायला एक ज्येष्ठ मल्याळी सिस्टर होत्या, सगळ्या त्यांना चेची म्हणत. बायपास होऊन आलेला पेशंट. छातीत साठणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, पहिल्या तासाला १२० मिली, दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला जेमतेम १०. मी खूश, रक्तस्राव थांबला म्हणून. चार्टवर १० लिहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. चेची आल्या, ड्रेनची नळी बोटांनी चाचपली, मग चादर वर करून पेशंटच्या पायाचा अंगठा धरला. गार. मला एवढंच विचारलं, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) मघाशी किती होतं? मघाशी ९ होतं, आता १६. रक्तदाब हळूहळू उतरत होता, वरचा आणि खालचा आकडा एकमेकांजवळ येत होते, लघवी कमी झाली होती. नळीत गुठळी अडकली होती आणि रक्त हृदयाभोवती साठत होतं. टॅम्पोनाड. सर्जनना फोन गेला, छाती परत उघडावी लागली, माणूस वाचला. चेची मला रागावल्या नाहीत. सकाळी त्यांनी तोच चार्ट मला कोऱ्या कागदावर तासागणिक परत उतरवायला लावला आणि कुठल्या तासाला तुला कळायला हवं होतं तिथे खूण कर म्हणाल्या. दुसरा तास सरताना. सीव्हीपी तेव्हाच चढू लागलं होतं, मी ते लिहिलंही होतं, पाहिलं मात्र नव्हतं. अचानक थांबलेला ड्रेन वाहत्या ड्रेनपेक्षा वाईट, हे पुस्तकात एका ओळीत असतं. मला त्याला एक रात्र लागली.

अशी ओळ न ओळ तिथे हातातून जाते. ट्रान्सड्यूसर (रक्तदाब मोजून मॉनिटरला देणारं उपकरण) चौथ्या बरगडीखालच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर धरून झिरो करायचा. खाट वर-खाली केली की परत, नाहीतर मॉनिटर खोटं बोलतो आणि तुम्ही त्या खोट्यावर नॉरॲड (रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनॅलिन) वाढवता. नॉरॲडची सिरिंज संपायच्या आत दुसरी शेजारच्या पंपावर चालू करून मगच पहिली काढायची, कारण मधल्या अर्ध्या मिनिटात प्रेशर कोसळतं. लघवी धो धो होत असेल तर पोटॅशियम आधी बघायचं, ४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पेशंट खुर्चीत बसून पेज मागू लागतो तेव्हाच, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, गाठतं. बलून पंप असेल तर ज्या पायातून तो घातला तो पाय सरळ ठेवायचा, डोकं ३० अंशांच्या वर न्यायचं नाही, पावलाची नाडी तर पाहायचीच, पण डाव्या मनगटाचीही, कारण बलून वर सरकला तर डाव्या हाताची वाट अडवतो. हेलियमच्या नळीत तपकिरी ठिपके दिसले तर बलून फाटला समजायचं, पंप थांबवायचा आणि हाक मारायची.

आणि एक गोष्ट, जी मला इथल्या कुठल्याच वॉर्डात कुणी सांगितली नव्हती. छाती उघडून ऑपरेशन झालेल्या पेशंटचं हृदय थांबलं तर आपलं पाठ केलेलं एसीएलएस (हृदय थांबल्यावर करायच्या प्रगत उपचारांची ठरलेली पद्धत) जसंच्या तसं लागू होत नाही. व्हीएफ (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरणं) असेल आणि शॉक देणारा डिफिब्रिलेटर मिनिटभरात हाताशी असेल तर आधी लागोपाठ तीन शॉक, छाती दाबणं त्यानंतर. १ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिनची नेहमीची मात्रा सरसकट द्यायची नाही, कारण हृदय परत सुरू झालं की प्रेशर उसळून ताजे टाके फाटू शकतात. आणि जमलं नाही तर पाच मिनिटांच्या आत छाती परत उघडायची तयारी. अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जनांच्या संघटनेने २०१७ मध्ये हे मत म्हणून छापलं, युरोपात त्याआधीपासून होतं. तुम्ही जिथे शिकायला जाल तिथे याची कवायत होते का, हे आवर्जून विचारा. होत असेल तर त्या आयसीयूबद्दल बाकी फार विचारायची गरज नाही.

घरच्यांना पटवायला आणखी एक मुद्दा. हे शिक्षण फक्त मोठ्या रुग्णालयात कामाला येतं असं नाही. आपल्याकडे मोठ्या हार्ट अटॅकवर लगेच उपचार व्हावेत म्हणून स्टेमी गोवाचं जाळं आहे. काणकोण किंवा वाळपईच्या केंद्रावर छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की तिथेच ईसीजी काढून पाठवतात, अटॅक ठरला तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तिथेच देतात आणि मग बांबोळीला हलवतात. काणकोणहून बांबोळीला पोचेपर्यंत हृदयाचा स्नायू वाट बघत थांबत नाही, म्हणून ही सगळी धडपड. आता त्या केंद्रावर रात्री दोन वाजता ‘गॅस जाला गो सिस्टर’ म्हणत घामाने भिजलेला माणूस आला, तर दहा मिनिटांत ईसीजी काढायचा की त्याला अँटासिड देऊन बाकावर बसवायचं, हे आधी तिथली नर्स ठरवते. औषध दिल्यावर लय बिघडली तर ती ओळखणारीही तीच. कार्डिॲक शिकलेली नर्स केंद्रावर वाया जाते, असं म्हणणाऱ्यांनी चवथीच्या रात्री एकदा तिथे येऊन बसावं.

आता माझं रडगाणं, थोडक्यात. डिप्लोमा करून आले आणि एका रुग्णालयात (नाव नको) रुजू झाले. मुलाखतीत कार्डिॲक आयसीयू म्हणाले आणि माणसं कमी म्हणून आठ महिने बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं. बाळंतिणींबद्दल काही म्हणणं नाही, पण शिकलेला हात आठ महिन्यांत गंजतो. परत आले तेव्हा पेसिंग वायरचा (ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या तारांचा) बॉक्स हातात घेऊन मी दोन मिनिटं नुसती बघत होते. तेव्हा रुजू होताना वॉर्डाचं नाव लेखी घ्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती रुपये, हे सही करायच्या आधी वाचा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नका, छायांकित प्रती द्या. बाहेरच्या राज्यात जाताना तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. ती कागदपत्रं दोन महिने आधी हलवा. परत येऊन सरकारी जागेला उभं राहायचं असेल तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणी या दोन्ही गोष्टी विचारतात, मराठी येत असेल तर बरं, असं जाहिरातीत असतं. घरात पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जायची चर्चा चालू असेल (कुणाच्या घरात नसते?) तर ठीक आहे, पण तिथेही कार्डिॲकचे प्रत्यक्ष तासच विचारतात. अमेरिकेच्या सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सचं प्रमाणपत्र) परीक्षेला बसायचं तर दोन वर्षांत १७५० तास थेट गंभीर पेशंटांच्या सेवेत लागतात. कागद दाखवून ते भरून निघत नाहीत.

सध्या काय करायचं? मेट्रनना भेटून महिन्यातून चार-सहा ड्यूट्या आयसीयूत मागा, जादा असल्या तरी. बीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय) आणि एसीएलएसचे कोर्स करून घ्या, दोन्ही दोन वर्षं चालतात. रोज एक ईसीजी छापील अहवाल झाकून वाचा. एवढं सहा महिने केलंत तर कोर्सचा पहिला महिना तुम्हाला बुडवणार नाही.

आणि फॉर्म भरायच्या आधी त्या कोर्सची मागच्या वर्षीची एखादी मुलगी गाठा. माहितीपत्रकात सगळीकडे सारखंच लिहिलेलं असतं. तिला दोनच गोष्टी विचारा: व्हेंटिलेटरवरचा पेशंट पहिल्यांदा एकटीकडे कधी दिला, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं. दुसऱ्या प्रश्नाला ती थबकली तर दुसरीकडे बघा. माझ्या इथल्या प्रोफाइलवर निरोप टाकलात तर मी शिकले तिथल्या एक-दोघींशी गाठ घालून देते, फक्त नाइट असेल त्या आठवड्यात उत्तराला उशीर होतो.