कुंडीतली घाणेरी रोज पाणी घालूनही माना टाकते आहे, काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं 'सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालणं चालू आहे' हे वाक्य वाचलं आणि माझी पहिली घाणेरी आठवली. तिचंही अगदी असंच झालं होतं. मोठ्या कुंडीत हलवल्यावर तीनेक आठवड्यांत खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, शेंड्यांनी माना टाकल्या, कळ्या जागच्या जागी सुकल्या. मग मी काय केलं? पाणी वाढवलं. आठवड्याभरात खेळ खलास.

तेव्हा आधी झारी खाली ठेवा.

तहानलेलं झाड मान टाकतं, तशी मुळं पाण्यात बुडालेलं झाडही टाकतं, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेने कोमेजतं. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, हवाही खेळते आहे, ती अवस्था कुंडीतही यावी लागते. घाणेरीला तर त्याहून थोडं कोरडंच मानवतं.

खात्री करायला मातीत बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर फसवा असतो. तो सुकलेला दिसतो आणि खाली चिखल असतो. बोटाला गार, चिकट लागलं, कुंडी उचलायला जड वाटली, पानं मऊ पडून पिवळी झाली असतील तर पाणी जास्त झालंय. माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली, कुंडी हलकी आणि पानांच्या कडा कुरकुरीत असतील तर तहान आहे. भर दुपारी माना टाकून संध्याकाळी आपोआप सावरत असेल तर मात्र ते उन्हामुळे आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी उठल्या उठल्या झाड कसं दिसतं ते बघा. पहाटेही मान खाली असेल तर दुखणं मुळांमध्ये आहे.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच प्रकार वाटतो, त्यातून तुम्ही कुंडीखाली ताटली ठेवलीय आणि तिच्यात पाणी साचतं असंही लिहिलंय. आता अंदाज पुरे, मुळं बघा. कुंडी आडवी करा, बाजूंना थापट्या मारा आणि बुंध्याशी धरून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ फिकट पांढरट आणि ताठ असतं. कुजलेलं तपकिरी किंवा काळं. ते चिमटीत धरून हलकेच ओढा: वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास तर विचारूच नका, तुंबलेल्या मोरीसारखा येतो.

काळी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, हळहळू नका. जेवढी मुळं गेली तेवढा वरचा भारही उतरवायला हवा. साधारण एक तृतीयांश छाटा. मुळं निम्मी गेली असतील तर निम्मंही चालेल. कुठे कापायचं ते फांदी सांगते. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर आणखी खाली खरवडत या. घाणेरी फुलते नव्या फुटव्यावर, त्यामुळे छाटणीने फुलांचं कायमचं नुकसान होत नाही. पानं खरखरीत असतात, काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. छाटलेला पाला आणि कच्ची हिरवी फळं गुराढोरांच्या तोंडी लागतील अशी टाकू नका. त्यांच्या यकृताला ते विष आहे.

आता कुंडी. उरलेल्या मुळांच्या गड्ड्याहून दोन बोटं मोठी असली की बास. मोठ्या कुंडीत 'प्रशस्त जागा' मिळते हा आपला समज; त्या जादा मातीतलं पाणी शोषायला तिथे मुळंच नसतात. तळाला खडे घालण्याचा सल्लाही हमखास मिळतो. मी तो मानत नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरावर येऊन अडतं आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकं मोकळी ठेवा, मातीत जाडी वाळू मिसळा, ताटली काढून टाका. एकदा भरपूर पाणी द्या, मग बोट दोन पेरं कोरडं लागेपर्यंत काही नाही. आठ-दहा दिवस उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवा, नंतर हळूहळू उन्हात सरकवा. पुढे तिला रोज सहा तास तरी ऊन हवंच. खत आत्ता अजिबात नको. आजारी मुळांना ते पचत नाही. नवी पालवी दिसल्यावर बघू.

समजा मुळं पांढरीशुभ्र निघाली आणि माती कोरडी, तर कोकोपीटवर, म्हणजे मातीत मिसळलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशावर, संशय घ्या. ते एकदा कडक सुकलं की पाणी आत घेत नाही, पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

पानं उलटूनही बघा. वरून पान फिकट ठिपक्यांनी विटल्यासारखं आणि खाली डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग असतील तर जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण लागलाय. गंमत म्हणजे माजलेली घाणेरी आटोक्यात आणायला १९०२ साली मेक्सिकोतून हवाई बेटांवर मुद्दाम किडे नेले, त्यांत हाही होता. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग एक लिटर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. पण झाड सावरल्यावर, माना टाकलेली असताना नाही.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी एक काम उरका. ज्या फांद्या अजून ताठ आहेत त्यांचे चार-सहा इंचांचे, बिनकळीचे शेंडे कापून, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचून ठेवा. महिनाभरात मुळं धरतात. माझ्याकडे आज जी घाणेरी आहे ती अशाच एका शेंड्याची आहे. मूळ झाड वाचलं नव्हतं.