48 पानी पाक्षिकात शेवटच्या दिवसाची बातमी कुठे ठेवायची? 1000 प्रतींना कागद किती लागेल?

हे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत आणि पान 17 ते 24 ताज्या बातम्यांसाठी राखून ठेवल्याचंही लिहिलंय. माझ्या मते अडचण तिथेच आहे. वाचक पानं ओळीने वाचतो, पण प्रेस ती फॉर्मने, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या दोन बाजूंवर बसणाऱ्या पानांच्या गटाने छापतं.

सेंटर पिनिंगच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) अंकात 48 पानांचे 16 पानी 3 फॉर्म एकात एक बसतात. बाहेरच्या फॉर्ममध्ये 1 ते 8 आणि 41 ते 48, मधल्यात 9 ते 16 आणि 33 ते 40, आतल्यात 17 ते 32. खात्री करायची तर 3 कोरे कागद प्रत्येकी तीनदा घडी घालून एकात एक ठेवा आणि पानांवर आकडे लिहा. ही डमी संपादकाच्या टेबलावर कायम असायला हवी.

17 ते 24 शेवटपर्यंत उघडी ठेवली, तर 25 ते 32 सुद्धा अडकतात. शिवाय बाहेरचा फॉर्म आधी छापला की अनुक्रमणिका आणि संपादकीय सगळ्यात आधी बंद होतात, म्हणजे नेमकी जी पानं ताजी हवीत तीच शिळी. म्हणून बाहेरचा फॉर्म शेवटी सोडा. मुलाखती, सदरं, पुस्तक परीक्षण मधल्या फॉर्ममध्ये आधी उरकून टाका, मुख्य लेख आतल्यात घ्या. घडामोडी 4 ते 8 वर आणि क्रीडा वगैरे 41 च्या पुढे. कव्हर वेगळ्या कागदावर असतं, लॅमिनेशन असेल तर ते सगळ्यात आधी जातं. त्यामुळे कव्हरवरचा मथळा शेवटच्या दिवशी बदलू शकेल अशा बातमीवर बेतू नका.

रंगाचंही असंच. फॉर्मच्या प्रत्येक बाजूला दर रंगाची एक प्लेट (छपाईचा पत्रा) लागते आणि रंगीत छपाईत चार रंग असतात. सगळा अंक रंगीत केला तर 24 प्लेट लागतात, एकरंगी केला तर 6. परवडत नसेल तर आतल्या फॉर्मची एकच बाजू रंगीत करा: पानं 17, 20, 21, 24, 25, 28, 29, 32. यात 3 प्लेट वाढतात आणि 24-25 हे मधलं जोडपान अखंड रंगीत मिळतं. मुख्य लेखाचे फोटो याच पानांवर यावेत, असा ले-आउट आधीपासून करावा लागतो. रंगीत पानांवरचा मजकूर मात्र निव्वळ काळ्यात ठेवा. चार रंगांतून काळा केला, तर रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं, जरा हललं तरी बारीक अक्षरांना सावली येते.

आकार ए-फोर धरू नका. 23 × 36 इंची कागदावर कटिंगची जागा सोडून तो 16 पानी बसत नाही. 8.25 × 10.75 इंच नीट बसतो.

आता कागद. एका प्रतीला 3 ताव (23 × 36 इंची अखंड कागद), 1000 प्रतींना 3000, म्हणजे 500 तावांची 6 रिम. 70 जीएसएमचं (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचं) या मापाचं रिम साधारण 18.7 किलो भरतं, म्हणून 112 किलो आणि वर वेस्टेज, म्हणजे छपाईत वाया जाणारा कागद. वेस्टेज प्रेसकडून आधी ठरवून घ्या. रंगीत बाजूला ते जास्त जातं. एका तावात 4 कव्हरं बसतात, म्हणून कव्हरला वेगळे 250 ताव.

पिनिंगनंतर मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात. 48 पानांत हा फरक मिलिमीटरभर पडतो. पानांचे आकडे आणि मजकूर कडेपासून किमान 10 मिलिमीटर आत ठेवा, फोटो कडेपर्यंत नेणार असाल तर 3 मिलिमीटर बाहेर वाढवा.

पाक्षिकाची नोंदणी आता नियतकालिकांच्या नोंदणीच्या 2023 च्या कायद्याने होते. तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. शीर्षक मिळेपर्यंत कव्हरच्या प्लेट काढू नका.