चीनचा 'एम' व्हिसा आणि दोन लाख रुपये

प्रश्न : मी आयटीआय झालेलो आहे. चाकणला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात सहा वर्षं सेटर आहे, म्हणजे मशिनवर साचा बसवून ती लावून देतो. आमच्याकडची सगळी मशिनं चायनाची. एक एजंट म्हणतो, तिकडच्या कारखान्यात लावतो, महिना ऐंशी हजार. खर्च दोन लाख, व्हिसा 'एम'. आधी जायचं, बाकीचे कागद तिथे गेल्यावर. भारत-चीनचा एवढा व्यापार चालतो, म्हणजे हे खरं असेल ना? पासपोर्ट त्याच्याकडे दिलाय.
— एक वाचक, चाकण

उत्तर : दोन लाख अजून दिले नसतील तर देऊ नका.

'एम' हा व्यापाऱ्याचा व्हिसा. 2015 साली तो माझ्याही पासपोर्टवर होता. तेव्हा मी खरेदी विभागात होतो आणि मोल्ड म्हणजे साचे बघायला झेज्यांग प्रांतात ह्वांगयानला गेलो होतो. ते मोल्डांचंच गाव. ट्रायलचा पहिला पीस गरमागरम हातात आला, कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर आलेलं जादा प्लास्टिक, दिसली, आणि सवयीने माझा हात मशिनच्या पॅनलकडे गेला. फोरमन हसत हसत मध्ये उभा राहिला. पाहुण्याने बघायचं, बटण दाबायचं नाही. मशिनवरचा पोरगा कुठला म्हणून विचारलं, तर सिचुआनचा. वर्षाकाठी एकदा घरी जाणारा. असे परप्रांतातून आलेले कामगार त्यांच्याकडे कोट्यवधी आहेत. त्यांना सोडून चाकणचा सेटर कोण कशाला नेईल?

नोकरीसाठी 'झेड' व्हिसा लागतो. त्याआधी तिथल्या कंपनीने तुमच्या नावाचं वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर काढावं लागतं, आणि त्यासाठी साधारणपणे पदवी व दोन वर्षांचा अनुभव बघतात. परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर 5,000 ते 20,000 युआन दंड. प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवस कोठडीही. एजंट तेव्हा इथे पंख्याखाली बसलेला असेल.

व्यापाराचं म्हणाल, तर 2024-25 मध्ये आपण चीनकडून सुमारे 113 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना जेमतेम 14 अब्जांचा विकला. माल तिकडून इकडे येतोय. त्यामागून येतात ती मशीन बसवायला तिकडची माणसं, आणि 2020 नंतर त्यांच्या व्हिसाला इतकी वर्षं अडचण होती की इथले कारखाने अक्षरशः खोळंबले. चिनी पॅनलवर मराठी चिठ्ठ्या चिकटवून मशीन चालू ठेवणारा सेटर तेव्हा भाव खाऊन गेला. तुमच्या सहा वर्षांची खरी किंमत चाकण-रांजणगावातच जास्त आहे, असं माझं मत. पगार वाढवून मागितलात का कधी?

तरी बाहेर जायचंच असेल तर एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणी असलेल्या एजंटलाही 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन लाख कसले ते त्याला कागदावर लिहून मागा. बहुधा तिथेच गप्प बसेल.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी जाऊन पासपोर्ट घेऊन या. एकटे जाऊ नका, घरचं कुणीतरी मोठं माणूस बरोबर न्या. देत नाही म्हणाला तर तिथे वाद घालत बसू नका, सरळ पोलीस ठाणं गाठा.