एका सेमिस्टरसाठी परदेशात शिकायला आल्यावर निराशाच पदरी पडते आहे. अर्ध्यातून परत जावे का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: ठरवलेले विषय मिळाले नाहीत, सहा आठवडे उलटूनही स्थानिक विद्यार्थ्यांपैकी कोणाशी ओळख झाली नाही, आणि त्यामुळे अर्ध्यातून परतण्याचा विचार मनात घोळतो आहे. मी फ्रान्समधील एका विद्यापीठात एक्सचेंजची विद्यार्थिनी म्हणून एक सेमिस्टर काढले आहे, त्यामुळे पहिल्या दोन तक्रारी माझ्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. या निराशेचा तुमच्या स्वभावाशी फारसा संबंध नाही, असे माझे मत आहे. माहितीपत्रकात जे कबूल केलेले असते, ते पुरे होण्याइतका वेळ एका सेमिस्टरमध्ये नसतो, आणि विद्यापीठाची घडीही मध्येच येऊन मध्येच जाणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करून बसवलेली नसते.

परदेशात शिकायला पाठवण्याच्या अशा योजनांच्या सुरुवातीच्या काळात, १९२३ मध्ये, अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, ते पूर्ण वर्षासाठी. भाषा अंगवळणी पडणे, घरोब्याचे संबंध जुळणे, दुसऱ्या समाजाकडे आतून पाहता येणे, ही सारी आश्वासने अशा वर्षभराच्या मुक्कामालाच शोभणारी आहेत. पुढे मुक्काम आखूड होत गेला, जाहिरातीची भाषा मात्र तीच राहिली.

आता विषयांबद्दल. निवड काही महिने आधी आणि पुष्कळदा मागील वर्षाच्या यादीवरून केली जाते, दोन्ही विद्यापीठांच्या सह्या झालेला करार तयार होतो, आणि खरे वेळापत्रक तिथे पोहोचल्यावरच दिसते. आमच्याकडे ते विभागाच्या अरुंद मार्गिकेत, काचेमागे टाचणीने लावलेले असे आणि त्यावर पेनाने खाडाखोड केलेली असे. माझे इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे तास मंगळवारी सकाळी एकाच वेळी होते, तेही शहराच्या दोन टोकांच्या इमारतींत. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आपला विद्यार्थी सारे विषय आपल्याकडेच घेणार असे धरून प्रत्येक विभाग वेळापत्रक लावतो, त्यामुळे तीन विभागांतून विषय वेचणारा पाहुणा कोणाच्याच हिशेबात नसतो. युरोपीय श्रेयांकपद्धतीत (श्रेयांक म्हणजे क्रेडिट) पूर्ण वर्षाचे ६० आणि सेमिस्टरचे ३० श्रेयांक धरतात, म्हणून एक विषय गळाला तरी मोठे खिंडार पडते. करारात बदल करता येतो, पण त्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतीच असते. ती टळली असली तरी आपल्या मूळ विद्यापीठातील समन्वयकांना आजच लेखी कळवा आणि पर्यायी विषयाची मान्यता मागा. यजमान विद्यापीठातील प्राध्यापकाचे तोंडी 'चालेल' नंतर कोणी मोजत नाही.

गुणांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरीही तो सांगून ठेवते, कारण ही निराशा परतल्यावर गाठते. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात, १० ला उत्तीर्ण होता येते, १४ म्हणजे चांगले आणि १६ म्हणजे अतिशय चांगले समजले जातात. त्यापुढचे गुण क्वचितच दिसतात. मूळ विद्यापीठाने याची सरळ टक्केवारी काढली, तर १३ गुणांचे ६५ टक्के होतात आणि वर्गात वरच्या फळीत असलेला विद्यार्थी गुणपत्रिकेवर सामान्य ठरतो. म्हणून त्या विषयात किती विद्यार्थ्यांना किती गुण मिळतात, याचा तक्ता यजमान विद्यापीठाकडून निघण्यापूर्वीच मागून घ्या. जर्मनीत असाल तर परीक्षांच्या तारखाही पाहा. तेथील हिवाळी सेमिस्टरची व्याख्याने फेब्रुवारीपर्यंत चालतात, आणि मूळ विद्यापीठ जानेवारीत सुरू होत असेल तर परीक्षेचीच पंचाईत होते.

कागदपत्रांचा ताप सगळीकडे असतो आणि तो ओसरतो. बँक पत्ता मागते, घरमालक बँकेचे खाते मागतो, इटलीत आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो, जर्मनीत पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालकाची सही लागते. यात जीव मेटाकुटीला येतो हे खरे, पण केवळ त्यापायी कोणी परत गेल्याचे मी पाहिलेले नाही.

खरी सल माणसांची असते. स्थानिक विद्यार्थ्यांच्या मैत्री पहिल्या वर्षीच जुळलेल्या असतात, तुम्ही चार महिन्यांनी जाणार हे त्यांना ठाऊक असते, आणि मोठ्या व्याख्यानगृहात तास संपताच दोन-तीनशे माणसे दहा दिशांना पांगतात. कधी त्यात उघड तुच्छताही असते आणि तिला तुच्छताच म्हणावे. पण बहुतेक वेळा ती निव्वळ उदासीनता असते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी भरवलेल्या मेजवान्यांनी हे दुखणे वाढते असे मला वाटते, कारण तिथे परकेच परक्यांना भेटतात आणि आठवडाअखेरीस मिळून तिसऱ्याच शहरात फिरायला जातात. (त्या सहलींची छायाचित्रे पाहूनच पुढच्या वर्षीचे विद्यार्थी अर्ज भरतात, हा भाग वेगळा.) ओळख होते ती दर आठवड्याला तीच माणसे, त्याच वेळी, काहीतरी हाताने किंवा गळ्याने करत असतात तिथे: वीस-पंचवीस जणांचा चर्चावर्ग, प्रयोगशाळा, गायनवृंद, विद्यापीठाचा क्रीडावर्ग. माझ्या चर्चावर्गात दोघांनी मिळून एक निबंध सादर करायचा होता. जिच्यासोबत माझी जोडी लागली, ती पहिल्या भेटीत माझ्याकडे न पाहताच कामाची वाटणी करून मोकळी झाली होती. पण मसुदा दुरुस्त करायला बसल्यावर तिने माझ्या प्रत्येक वाक्यावर वाद घातला, आणि त्या वादातूनच बोलणे सुरू झाले. तुमच्याकडे असा एक तरी वर्ग असेल, तर त्याला चिकटून राहा.

'सुरुवातीला आनंद, मग घसरण, मग पुन्हा चढण' असा आलेख तुम्हाला एखाद्या कार्यालयात दाखवतील. त्याच्या भरवशावर बसू नका. समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवर जो लेख लिहिला, त्यातून ही कल्पना आली. त्यात सहा ते अठरा महिने राहिलेले लोक त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले आढळले होते, म्हणजे एका सेमिस्टरचा विद्यार्थी त्या आलेखाच्या चढणीपर्यंत पोहोचतच नाही. उलट मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वांत अवघड काळ अगदी सुरुवातीचा निघाला. तेव्हा सहाव्या आठवड्यातील उदासीवरून बाराव्या आठवड्याचे भाकीत कोणी करू नये, तुम्हीही नाही.

परतण्याबद्दल माझे स्पष्ट मत असे की, प्रकृती ढासळत असेल, झोप आणि जेवण तुटले असेल किंवा राहत्या जागी सुरक्षित वाटत नसेल, तर पैशाचा हिशेब न करता परत जावे. कारण केवळ एकटेपणा आणि विषयांचा हिरमोड एवढेच असेल, तर आधी चौकशी करावी: आता माघार घेतल्यास शुल्कातील किती रक्कम परत मिळते, गुणपत्रिकेवर माघारीची नोंद कशी होते, आणि शिष्यवृत्ती परत करावी लागते का. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत अभ्यासासाठीच्या लांब मुक्कामाची किमान मर्यादा दोन महिने आहे, आणि सबळ कारणाशिवाय त्याआधी निघाल्यास अनुदान परत मागितले जाऊ शकते; सहा आठवड्यांवर असलेल्या विद्यार्थ्याने हे पाहायलाच हवे. ही उत्तरे लेखी येईपर्यंत वर्ग बुडवू नका, कारण चर्चावर्गात हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि राहण्याचा पर्यायही हातचा जातो.